झुंबरबाईंचा पाय सोवळ्यात

कान्हे स्टेशनावर उतरावे, रूळ ओलांडून भाताच्या बांधांवरून चालत जावे, की आमची सप्ताहाची वाडी लागते. वाडीत विठोबाचे देऊळ आहे, देवळामागे पत्र्याची पाकखोली आहे, आणि सप्ताहाच्या दिवसांत त्या पाकखोलीच्या दारात रांगोळीची एक सरळ रेघ असते. रेघ झुंबरबाई ओढतात. रेघेच्या आत देवाचा नैवेद्य शिजतो. रेघेच्या बाहेर उरलेले सगळे जग उभे राहते. पुढारी आला तरी बाहेर, पाहुणा आला तरी बाहेर, आणि कीर्तनकार आला तर तोही बाहेर. व्यासपीठावर उभे राहिल्यावर मला कोणाची भीती वाटत नाही. त्या रेघेची वाटते.

शेतकऱ्याच्या घरात इतके कडक सोवळे नसते. झुंबरबाईंना ते कोणी शिकवले नाही, कोणी लादले नाही. नवरा अकाली गेला, पदरात सत्यम होता, दारात एक म्हैस होती, रुळांच्या कडेला भाताची दोन खाचरे होती. एवढ्या संसारातून देवाला देण्यासारखे उरले होते ते हातांचे कष्ट, आणि ते कष्ट निर्मळ असावेत एवढीच त्या माउलीची हौस. पहाटे स्नान, धुतलेले पातळ काठीने उंच वेळूवर वाळत घातलेले, त्याला कोणी शिवायचे नाही, शिवले तर पुन्हा धुणे. एका वर्षी रेघेवरून एका पुढाऱ्याचा अंगठा आत गेला, तेव्हा झुंबरबाईंनी शिजलेल्या भाताचे पातेले उचलले आणि म्हशीपुढे रिकामे केले. पुढारी पाहत राहिला, म्हैस जेवत राहिली.

मला ते आवडले होते. प्रेमाला नियम लागतो हे या बाईला कळले होते. नियमालाही डोळे लागतात, हे कळायला मात्र एक पाय मोडावा लागला.

आवणीचे, भाताची रोपे लावण्याचे दिवस होते. खाचरात गुडघाभर चिखल, वर झिमझिम, आणि भाड्याने आणलेला पॉवर टिलर. सत्यमने तळेगावच्या कंपनीतून रजा घेतली होती आणि तो चिखलणी करत होता. झुंबरबाई रोपांच्या जुड्या घेऊन बांधाखालून चालल्या होत्या. भिजलेला बांध खचला, यंत्र कलंडले, आणि त्याचे सगळे वजन बाईंच्या डाव्या पायावर आले. सत्यमने ते बाजूला ढकलले तेव्हा नडगीचे हाड कातडी फोडून बाहेर आले होते. पांढऱ्या हाडावर काळा चिखल होता. त्या चिखलात शेण होते, कुजलेला पाला होता, सगळ्या शिवाराचे वाहून आलेले पाणी होते.

अशा वेळी माणसाला देव आठवतो. वाडीला भिमाजी आठवले.

भिमाजी म्हणजे झुंबरबाईंचे चुलत दीर. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, गळ्यात माळ, कमरेला खंडेरायाच्या भंडाऱ्याची पिशवी. त्यांचे ज्ञान अफाट आहे, कारण वाचण्याची, विचारण्याची किंवा पाहण्याची अडचण त्या ज्ञानाला कधी आलेली नाही. ते बांधावर आले, जखम पाहिली आणि निर्णय झाला. सत्यम कळशीतले प्यायचे पाणी जखमेवर ओतणार होता. त्याचा हात त्यांनी धरला. जखमेला पाणी लागले की जखम चिघळते, हे आमच्या मावळात तान्ह्या पोरालाही पाजलेले असते. पाऊस त्या जखमेवर पडतच होता, खाचराचे पाणी तिला लागूनच होते. फक्त स्वच्छ पाण्याला तेवढी बंदी झाली. मग भिमाजींनी पिशवी सोडली आणि उघड्या हाडावर मूठभर भंडारा दाबून भरला. वर स्वतःच्या खांद्यावरचा पंचा बांधला. त्या पंच्याने सकाळपासून घाम पुसला होता, तंबाखूचे हात पुसले होते आणि बैलाचे नाकही पुसले होते. सगळे पुसून झाल्यावर तो झुंबरबाईंच्या वाट्याला आला.

देवाचे नाव घेऊन केलेली घाण ही घाणच असते. हे वाक्य मी कीर्तनात अनेकदा म्हणतो. लोक माना डोलावतात, टाळ वाजवतात आणि घरी जातात.

त्यानंतर पायाला न्यायचे कुठे याची सभा भरली. कोणी बांबूच्या पट्ट्या बांधणाऱ्या वैदूचे नाव काढले, कोणी म्हणाले पाऊस ओसरू द्या. ज्यांचा पाय मोडला नव्हता त्या सगळ्यांना दम होता. शेवटी सत्यमनेच एक पिकअप थांबवली, आईला मागच्या फळीवर निजवले आणि हमरस्त्यावरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. भिमाजी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. मान त्यांना लागतोच.

तिथल्या अस्थितज्ज्ञ डॉक्टर रेणुका. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोलणे थोडे, हात भराभर चालणारे. त्यांनी आधी शिरेतून औषध सुरू करायला सांगितले, कारण उघड्या हाडाच्या बाबतीत पहिले औषध जितके लवकर तितके बरे. मग पंचा सोडला. पिवळा चिखल पाहून त्या क्षणभर थांबल्या आणि हे कोणी लावले असे विचारले. भिमाजी पुढे सरकले. आपण लावल्याचे त्यांनी सांगितले. स्वरात संकोच नव्हता, बक्षिसाची अपेक्षा होती. खंडेरायाचा आहे, साधा नाही, हेही त्यांनी जोडले.

“आजोबा,” डॉक्टर म्हणाल्या, “तो कुणाच्या नावाचा आहे हे जंतूंना कळत नाही. उघड्या हाडात गेला की तो मातीच.”

भिमाजी बाहेर आले ते दुखावलेले. आणि दुखावलेला माणूस आमच्याकडे काय करतो? आडनाव विचारतो. त्यांनी परिचारिकेला गाठले, डॉक्टरीणबाई कुठल्या, कोणाच्या, असे घोळून घोळून विचारले, आणि उत्तर मिळाल्यावर सत्यमला भिंतीकडे घेऊन सांगितले की वेळ आहे तोवर पुण्याला हलवू, तिथे आपल्या ओळखीचे आहेत. कोणाचे हाड बाहेर आलेले असताना असा हिशेब सुचतो, त्या डोक्याला मी नमस्कार करतो, दुरूनच करतो. स्ट्रेचरवरच्या झुंबरबाई शुद्धीत होत्या. त्यांनी ते ऐकले.

“भावजी,” त्या दात आवळून म्हणाल्या, “हाड माझं भाईर आलंय. त्येला आडनाव दिसत न्हाई. तुमी जरा गप बसा.”

मग त्यांनी डॉक्टरांनाच सरळ विचारले, “कुटल्या गावची गं तू?”

“बेडशाची, मावशी. चंपाबाईंची नात.”

झुंबरबाईंनी डोळे मिटले. बेडसे त्यांचे माहेर. लेण्यांच्या डोंगराखाली, एकाच खाचरात, चंपा आणि त्या मुलीपणी शेजारी शेजारी आवण लावत असत. चंपाचा हात वाऱ्यासारखा चालायचा. दुपारी मात्र चंपा वेगळी बसायची, आणि तहान लागली की ओंजळ धरायची. झुंबर वरून पाणी ओतायची, तांब्या उंच धरून, धारेखेरीज काही लागू नये म्हणून. पुढे चंपाने शेताची मजुरी सोडली, लेकरे शिकवली. त्या ओंजळीची नात आता हातमोजे चढवून झुंबरबाईंच्या हाडाशी उभी होती.

पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, म्हणून झुंबरबाई जाग्या होत्या आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत दिसेल ते पाहत होत्या. पुढे कित्येकदा त्यांनी मला ते सांगितले. पंढरीनाथाचे रूप सांगावे तितक्या गोडीने सांगितले. दाराच्या काचेपलीकडे डॉक्टर नळापाशी उभ्या राहिल्या आणि कोपरापर्यंत हात घासत राहिल्या, नखे, बोटांच्या बेचक्या, मनगट. मग ओले हात वर धरून, दार पाठीने लोटून आत आल्या. वाफेवर निर्जंतुक केलेले वस्त्र दुसऱ्याने अंगावर चढवले. कोणी कोणाला शिवत नव्हते. एवढ्यात यंत्र सरकवणाऱ्या माणसाचा खांदा डॉक्टरांच्या बाहीला लागला. त्या रागावल्या नाहीत, चालेल म्हणाल्या नाहीत. मुकाट्याने मागे फिरल्या, सगळे उतरवले, पुन्हा हात धुतले, पुन्हा नवे वस्त्र घातले. झुंबरबाईंना म्हशीपुढे ओतलेले पातेले आठवले.

“म्हाराज,” त्या मला म्हणाल्या, “लय कडक सोवळं. माझ्यापरीस कडक.”

त्या दिवशी डॉक्टरांनी फक्त धुतले. मिठाच्या पाण्याच्या पिशव्यांमागून पिशव्या त्या जखमेत ओतल्या गेल्या. चिखल निघाला, भंडारा निघाला, काळे पडलेले मांस कापून काढले. भिमाजींनी ज्या पाण्याला हात धरून अडवले होते, ते पाणी शेवटी बादल्यांनी लागले. हाड तात्पुरते बाहेरून सळ्यांच्या चौकटीत धरून ठेवले. मग डॉक्टर सत्यमजवळ येऊन बसल्या आणि काय पणाला लागले आहे ते त्यांनी त्याला साध्या शब्दांत सांगितले.

“हाड जुळेल. मला हाडाची भीती नाही, जंतूंची आहे. आत पू धरला तर घातलेलं लोखंड काढावं लागेल. तरीही तो हटला नाही, तर पाय.”

वाक्य त्यांनी तिथेच सोडले. पुढचे सत्यमला कळले, सत्यमकडून झुंबरबाईंना कळले. एक पाय. त्या पायावर चूल, म्हैस, खाचर आणि देवळामागची ती खोली. बाईंनी देवाकडे काही मागितले नाही. मागण्याची त्यांना सवयच नव्हती. सप्ताहात उभे राहून स्वयंपाक करता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाल्या, बघू.

जखम पुन्हा पुन्हा धुतली गेली. ती लाल आणि निर्मळ दिसू लागली तेव्हा चौकट काढून हाडाच्या पोकळीत रॉड घालायचे ठरले. साधा रॉड नव्हे. जंतुनाशक औषधाचा लेप दिलेला. आणि इथे आमच्या भिमाजींचा दुसरा अध्याय सुरू झाला.

लोखंडाला कोणी औषध चोळते का, असे ते वाडीच्या पारावर विचारू लागले. उद्या आपल्या इळ्याला चोळू, नांगराच्या फाळाला चोळू, मग पिकाला फवारणी नको. पारावर हशा पिकला. ज्यांच्या हशाला कष्ट पडत नाहीत अशा माणसांनी आमचे पार भरलेले असतात. कोणी म्हणाले, डॉक्टर लोक गरिबांवर नवे नवे करून पाहतात. या सगळ्यांतल्या एकानेही रुग्णालयात जाऊन विचारले नव्हते. विचारले झुंबरबाईंनी.

डॉक्टर त्यांच्या खाटेवर टेकल्या आणि त्यांनी सांगितले. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर जाते. जिथे रक्त जाते तिथे ते पोहोचते. पण लोखंडात रक्त वाहत नाही. जंतू त्या लोखंडावर जाऊन बसतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर करतात, आणि मग रक्तातले औषध त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणून जिथे ते बसणार तिथेच आधी औषध लावून ठेवायचे. रॉड आत गेला की लेपातले औषध पहिले काही दिवस भरपूर आणि नंतर थोडे थोडे भोवती झिरपत राहते. धोक्याचे दिवस तेच असतात.

झुंबरबाईंनी विचार केला. “म्हंजी बियान्याला औशीद चोळून मगच वाफ्यावर टाकतू, तसं. न्हाईतर मातीतली बुरशी त्येला आदीच खाती.”

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मावशी, बियाण्याला औषध चोळलं म्हणून वाफ्यात कुणी गुरं सोडत नाही. लेप मदतीला आहे. राखण तुम्हालाच करायची.”

रॉड बसला, टाके घातले, आणि काही दिवसांनी झुंबरबाई घरी आल्या. आता मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते लोक आले. सज्जनहो, मी त्यांना सज्जन म्हणणार नाही. ते भेटायला आले.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणे हे पुण्य आहे. कोणी पुण्य म्हणून जातो, कोणी उद्या आपल्याकडेही यावेत म्हणून जातो, आणि पुष्कळसे बघायला जातात. हातात बिस्किटांचा पुडा असतो, तोंडात दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाची गोष्ट असते. खुर्ची रिकामी असली तरी खाटेवर बसायचे. खाट हलली की रोगी कळवळतो, मग किती दुखते हे कळल्याचे समाधान मिळते. अमक्याचा पाय असाच होता, कापला; तमकीचा असाच होता, गेली. आणि हे सगळे झाल्यावर ते वाक्य येते, जे आल्याशिवाय भेट पुरी होत नाही. बघू. एक बोट पट्टीखाली जाते, पट्टी उचलली जाते, डोकी खाली वाकतात, च् च् होते. जखम बघितल्याशिवाय गेलो तर आलो कशाला?

तुम्ही देवळात चपला काढता. मूर्तीला पारोशाने हात लावत नाही. आणि माणसाच्या उघड्या मांसाला गोठ्यातल्या हातांनी शिवता. देव दगडात असतो आणि त्या पायात नसतो, असे तुम्हाला कोणत्या कीर्तनात सांगितले?

भामाबाई शेजारची. मनाने वाईट नव्हे. पण मन चांगले असल्याने हात धुतले जात नाहीत. ती म्हशीखालचे शेण काढून आली, हात पदराला पुसले आणि ‘बघू गं अक्का’ म्हणत पट्टी सोडली. सत्यमने अडवले. तेव्हा खुर्चीतून भिमाजी बोलले. रॉडची थट्टा करणारे हेच भिमाजी. आता त्यांनी रॉडची बाजू घेतली.

“आरं आतून औशीदाचाच खांब रवलाय. तुमचीच डॉक्टरीण म्हनली ना? मंग भ्या कशाचं? बघू दे तिला.”

ही त्यांची बुद्धी. औषध नव्हते तेव्हा भंडारा पुरेसा होता, आणि औषध आले तेव्हा स्वच्छता नको झाली. कोणत्याही वाटेने निघाले तरी ते घाणीपाशीच पोहोचत.

भामाबाईने पाहिले. तिच्यानंतर जे जे आले त्यांनीही पाहिले. एका सकाळी झुंबरबाईंना पाय जड वाटला. टाक्यांभोवतीची कातडी लाल आणि गरम झाली होती, पट्टीला ओल होती, अंगात कसकस होती. सत्यमने आईला उचलले ते थेट रुग्णालयात.

डॉक्टर रेणुकांनी जखम साफ केली. नमुना तपासायला पाठवला, रक्त पाठवले, क्ष-किरण छायाचित्रे काढली. बाहेर बाकावर सत्यम दोन्ही हातांनी डोके धरून बसला होता. उत्तर येईपर्यंत झुंबरबाई छताकडे पाहत होत्या. नाम चालले होते की नाही ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. उत्तर आले तेव्हा डॉक्टर पुन्हा खाटेवर टेकल्या. दोष वरवरचा होता. कातडीत होता, आत रॉडपर्यंत गेल्याचे दिसत नव्हते. औषध बदलून भागणार होते.

“लेपानं दार धरलंय, मावशी. पण गावच आत शिरायला लागलं तर एकटं दार किती धरील? पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही.”

“वाफ्यात गुरं शिरली म्हना की,” झुंबरबाई म्हणाल्या. मग त्यांनी सत्यमला घरी जाताना रांगोळी घ्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी वाडी नेहमीप्रमाणे भेटायला आली आणि दारात थबकली. खाटेच्या भोवती पांढरी रेघ होती. रेघेपलीकडे भिंतीला टेकून झुंबरबाई बसल्या होत्या, पाय उशीवर, पट्टी दुधासारखी. दाराशी पाण्याची बादली आणि साबण.

“पाय सोवळ्यात हाये,” त्या म्हणाल्या. “कुनी शिवायचं न्हाई.”

आणि सज्जनहो, कोणी शिवले नाही. डॉक्टरांनी बजावले होते, कोणी ऐकले नव्हते. सत्यमने हात जोडले होते, कोणी ऐकले नव्हते. जंतूला जे भ्याले नाहीत ते रांगोळीला भ्याले. भामाबाई उंबऱ्यावरूनच बिस्किटे ठेवून गेली. भिमाजी आले, रेघ पाहिली, एक पाऊल मागे सरकले आणि बाहेरच्या ओट्यावर बसून तब्येत विचारू लागले. अध्यक्षाने सोवळे मोडले असे गावभर झाले असते. वहिनीचा पाय गेला असता तर फक्त हळहळ झाली असती. कशाला घाबरावे याचे आमचे गणित असे आहे.

मला हसू आले आणि रागही आला. पण त्या रेघेकडे पाहून हात जोडावेसे वाटले. तिच्या आत जायला एकच अट होती. साबणाने कोपरापर्यंत हात धुवील तो आत, न धुवील तो बाहेर. पट्टी बदलायला येणारी परिचारिका आत गेली, सत्यम आत गेला. रेघेने दुसरे काही विचारले नाही. इतकी वर्षे माणसे अडवत आलेली ती रेघ पहिल्यांदा घाण अडवत होती.

लाली ओसरली, ताप गेला, टाके निघाले. भाते पोटरीला आली, कापणी झाली, खळी उठली, आणि छायाचित्रात हाडाच्या दोन तुकड्यांमध्ये ढगासारखे नवे हाड दिसू लागले. डॉक्टरांनी काठी दिली आणि पायावर भार टाकायला सांगितले. झुंबरबाई उभ्या राहिल्या. पाय थोडा आखूड वाटत होता, पण पाय होता.

त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सप्ताहाचे आमंत्रण दिले. पंगतीचे नाही. पाकखोलीत, रेघेच्या आत यायचे, असे सांगितले. चंपाच्या ओंजळीचे ओझे त्यांना उतरवायचे होते, हे मला कळले. त्यांना वाटले डॉक्टरांनाही कळेल आणि त्या हरखतील.

डॉक्टरांना कळले. त्या हरखल्या नाहीत.

“मावशी, आजीनं सांगितलंय मला सगळं,” त्या कागद आवरत म्हणाल्या. “मला आत घेऊ नका. मी कधी आत यायला उभी नव्हते. उद्या कुणाचा पाय मोडला, तर तुम्ही बाहेर या. माती नको, हळद नको, स्वच्छ फडकं झाका आणि लगेच माझ्याकडे पाठवा.”

झुंबरबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, “व्हय.”

सप्ताह आला. पहिल्याच दिवशी मंडपाचे कापड चढवायला गोरख वेळूवर चढला होता. शेजारच्या वाडीचा हा गडी; दोर सुटला आणि तो दगडी पायरीवर आदळला. मी देवळात होतो, आवाज ऐकून बाहेर आलो. नडगीच्या कातडीतून हाडाचे टोक दिसत होते. पुन्हा तीच गर्दी, तीच वाकलेली डोकी, तेच च् च्. कोणी पाण्याचा तांब्या आणला, कोणी तो परत नेला. आणि गर्दी सारत, कमरेची पिशवी सोडत, भिमाजी येत होते. एवढे सगळे डोळ्यांनी पाहिलेला माणूस. धन्य ते डोळे.

पाकखोलीत नैवेद्य शिजत होता. झुंबरबाई सोवळ्यात होत्या. त्या काठी टेकत दारात आल्या, रेघेवर क्षणभर थांबल्या आणि ती ओलांडून बाहेर आल्या. वेळूवर त्यांचे दुसरे पातळ वाळत होते. पहाटे धुतलेले, कोणाचा हात न लागलेले, ज्याला चुकून शिवल्याबद्दल या वाडीने आयुष्यभर बोलणी खाल्ली ते. त्यांनी काठीने ते खाली ओढले, टर्रकन फाडले, आणि हात न लावता, न दाबता, गोरखच्या हाडावर स्वच्छ घडी पसरली. वर सैल गुंडाळले. दोन्ही बाजूंना वेळूच्या कामट्या धरून बांधायला सत्यमला सांगितले.

भिमाजी पिशवी उघडी धरून शेजारी उभे होते. झुंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. पिशवीत दोन बोटे घातली, चिमूटभर भंडारा घेतला आणि भिमाजींच्याच कपाळावर ओढला.

“ह्येची जागा हितं, भावजी. आता गाडी बोलवा.”

गाडी आली. गोरख गेला. डॉक्टर रेणुका त्या दिवशी ‘हे कोणी लावले’ असे विचारणार नव्हत्या.

गर्दी पांगली, तरी भिमाजी तिथेच होते, कपाळ पिवळे. वहिनीचे सोवळे मोडले, आता नैवेद्याचे कसे, असे त्यांनी विचारले. झुंबरबाई नळापाशी साबण लावून कोपरापर्यंत हात घासत होत्या. नखे, बोटांच्या बेचक्या, मनगट. ओले हात वर धरून त्या वळल्या आणि पाकखोलीचे दार त्यांनी पाठीने लोटले.

“मोडलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “कामी आलं.”

नैवेद्याला त्या दिवशी उशीर झाला. विठोबा काही बोलला नाही, आणि भिमाजीही बोलले नाहीत.